मधल्या भिंतीवरची मापं

भगवानरावांनी बत्तीस वर्षं टेलिफोनच्या तारा जोडल्या. दिग्रसच्या आसपास ते चढले नाहीत असा खांब नसेल. म्हणून घरात नेटची तार ओढायची वेळ आली तेव्हा त्यांनी भीमराजला हात लावू दिला नाही.

भीमराज गावात फायबरची कनेक्शनं देतो. त्यानं टेप लावून घर मोजलं आणि सांगितलं, "काका, राउटर समोरच्या खोलीत. निशिगंधाताई बसन मागच्या खोलीत. मधात चौदा इंची भिंत. सिग्नल जाईन कुठून? समोरून सरळ एक तार न्यायची आन् मागं छताले ॲक्सेस पॉइंट लावायचा. मंग तिथं समोरच्याइतकंच नेट. पंधरा मीटर पुरते."

"तार ठेवून जा. मी ओढतो."

"तुमच्यापुढं मी काय बोलू," म्हणून भीमराज गेला.

निशिगंधा पुण्याच्या कंपनीत होती. आई गेली त्याला अकरा महिने झाले होते. घरून काम करू द्या म्हणून ती केव्हाची साहेबाच्या मागे लागली होती. शेवटी साहेब म्हणाला, सोमवारी दिवसभर मीटिंग आहेत, एकदाही तुटल्या नाहीत तर बघू; तुटल्या तर परत ये. भगवानरावांनी 'राहा' असं लेकीला एकदाही म्हटलं नाही. बाजारातून एक टेबल तेवढं आणून मागच्या खोलीत ठेवलं.

तार त्यांनी शनिवारी ओढली आणि टोक निशिगंधाच्या लॅपटॉपला जोडलं. रविवारी निशिगंधानं मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावून पाहिला. चार मिनिटांत मैत्रिणीचा चेहरा तोंड उघडं ठेवून थांबला.

"बाबा, अडकलं."

"तिच्याकडचंच नेट खराब असन."

"तीन जणींले लावून पाह्यलं. तिघींचंही?"

भगवानरावांनी भीमराजला बोलावलं. तो तारेमागं निघाला. तार समोरच्या खोलीतून खिडकीबाहेर पडली होती, बोळातून न्हाणीला वळसा घालून मागच्या अंगणात आली होती. न्हाणीच्या पत्र्याखाली काळ्या टेपचा एक मुटका दिसला. भीमराजनं तो बोटानं दाबून पाहिला.

"काका, हे काय अंडं घातलं?"

"जोड आहे तो. तार कमी पडली, घरातला तुकडा लावला. माझा जोड बत्तीस वर्षांत सुटला नाही."

"सुटला कोण म्हणते? टेलिफोनले तो जन्मभर चालला असता. पण याच्यात आठ तारा, दोन-दोनचा पीळ. तुम्ही पीळ उकलून एक-एक तार येगळी बांधली. तिथं नेट लंगडते. याले सलग तार लागते." त्यानं तारेचा वळसा न्याहाळला. "पण कमी कशी पडली? मी पंधरा मीटर मोजली होती. सरळ भिंतीतून. तुम्ही फिरवून काहून आणली?"

भगवानराव पत्र्याकडे पाहत राहिले. निशिगंधाला उत्तर माहीत होतं. ती दोघांना मधल्या खोलीत घेऊन गेली.

सरळ वाट तिच्या आईच्या, शीलाबाईंच्या, शिवणाच्या खोलीतून होती. मागची खोली उतारावर नंतर बांधलेली, चार पायऱ्या खाली. तिचं छत शिवणाच्या खोलीतून पाहिलं तर खांद्याइतकंच उंच. त्याच्या वर भोक पाडलं तर ते गच्चीवर निघतं, आणि खाली कमरेपर्यंत दगडी बांधकाम. मधे हातभर रुंद पट्टा उरतो, आणि त्या पट्ट्यावर शीलाबाईंनी सव्वीस वर्षं पेन्सिलनं गिऱ्हाइकांची मापं लिहिली होती. वही सापडत नाही, भिंत कुठं जात नाही, असं त्या म्हणायच्या. घराला रंग देताना ही भिंत सोडायची हे रंगाऱ्यालाही पाठ होतं.

"गिलावा भुसभुशीत झाला," भीमराज भिंतीवर टिचकी मारून म्हणाला. "ड्रिल लागलं का वीतभर तरी पडन. कुठं पाडू ते तुम्ही सांगा. नसन पाडायचं तर तसं सांगा, काका. मी समजतो."

निशिगंधा म्हणाली, "राहू द्या बाबा. मी जाईन पुण्याले. सुट्टीत येतच राहीन."

भगवानरावांनी चष्मा लावला, स्टूल ओढलं आणि पट्ट्यासमोर बसून वाचू लागले. "धनीबाई. छाती छत्तीस, बाही नऊ, गळा मागून खोल."

"धनीबाईचं छत्तीस?" निशिगंधाला हसू आलं. "कोणत्या साली?"

"तिचं पुसलं तर घरी येऊन भांडन," भीमराज म्हणाला.

"प्रियंका, फ्रॉक. ही म्हणजे तुझी मावसबहीण. हे नको." ते पुढं सरकले. तानाबाईचं नको, ती आता नाही. प्रत्येक नावापाशी त्यांचं बोट थांबायचं आणि पुढं जायचं. उजव्या कोपऱ्यात ते बराच वेळ थांबलं. तिथं लिहिलं होतं, 'ह्यांचा सदरा. छाती ४०, उंची २९.' चाळीसवर काट मारून खाली बेचाळीस केलेलं.

"इथं पाड."

"बाबा, ते तुमचं आहे."

"म्हणूनच. दुसऱ्याचं मी कसं पुसू? आन् ते माप आता मले होते का? बेचाळीसच्या सदऱ्यात दोन भगवानराव मावतात." त्यांनी स्टूल बाजूला घेतलं. "आन ते ड्रिल. मीच पाडतो."

गिलावा पडला, भीमराज म्हणाला होता त्याहून जास्तच. आकडे गेले. भोकाच्या वर 'ह्यांचा' एवढंच राहिलं. जोडाविना तार भोकातून मागं गेली. भीमराजनं छताला पांढरा डबा लावला. डब्यावरचा दिवा लागला.

"भोक मोठं झालं. सिमेंट लावून देऊ?"

"दोन दिवस राहू दे," भगवानराव म्हणाले.

सोमवारी सकाळपासून ते शिवणाच्या खोलीत बसले. या खोलीत इतका वेळ ते अकरा महिन्यांत बसले नव्हते. भोकातून लेकीचं इंग्रजी ऐकू येत होतं. त्यातलं काही कळत नव्हतं, पण आवाज तुटला असता तर ते कळलं असतं. मशीनवरची धूळ त्यांनी हातरुमालानं पुसली, मग परत एकदा पुसली. दुपार झाली. संध्याकाळचे साडेपाच झाले. पलीकडं खुर्ची सरकली.

"बाबा," भोकातून आवाज आला. "आहात का तिकडं?"

"आहो."

"एकदाही नाही तुटलं. साहेब हो म्हणाला."

भगवानरावांनी मशीनवरून हातरुमाल तिसऱ्यांदा फिरवला.

"बाबा? ऐकू येऊन राह्यलं ना?"

"येऊन राह्यलं," ते म्हणाले. "चहा ठेवतो. तू बस तिथंच."