हवालदाराचं दीड पान

निवृत्ती गांगुर्डे यांनी एकशे अकरा सिनेमांत काम केलं आणि त्यातल्या साठेक सिनेमांत ते हवालदार होते. उरलेल्यांत पोस्टमन, नवरीचा मामा, नाहीतर तिरडीला खांदा देणारा तिसरा माणूस. सुलाबाईंना सगळे सिनेमे तोंडपाठ. कुणी नुसतं विचारायचा अवकाश, की बाई सुरूच! समोरच्या विमलाबाई एकदा बोलून गेल्या, "पण एका वाक्याच्या वर काही बोललेले दिसले नाहीत हो तुमचे मिस्टर." झालं. सुलाबाईंनी दोन महिने त्यांच्याकडे विरजणसुद्धा मागितलं नाही.

राग आला तो खरं बोलल्याचा. "साहेब, गाडी आली." "साहेब, तो पळाला." चाळीस वर्षं नवऱ्याच्या वाट्याला एवढंच आलं होतं. पण ते एक वाक्य माणूस असं म्हणायचा, की थेटरात शिट्टी पडायची. निदान नाशिकरोडच्या थेटरात तरी पडायचीच. ती मारणारे निम्मे एकलहऱ्याच्या वीज केंद्रातले, निवृत्तींच्याच कोळसा विभागातले असायचे, हा भाग वेगळा.

पाठांतर व्हायचं फर्स्ट शिफ्टच्या आधी, चुलीपाशी. सुलाबाई भाकऱ्या थापायच्या आणि निवृत्ती पाटावर बसून वाक्य घोकायचे. समोरच्याचं वाक्य बोलायचं काम बाईंचं. त्या कधी इन्स्पेक्टर व्हायच्या, कधी गुंड, एकदा तर घोड्यावरचा जमीनदारही झाल्या होत्या. पुढे चूल जाऊन गॅस आला, नोकरी संपून पेन्शन आली, पण पाठांतर तिथेच, भाकऱ्या थापतानाच.

आणि यंदा, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, स्नेहलचा फोन आला. नाशिकचीच पोरगी, पहिलाच सिनेमा करत होती. तिला म्हातारा बाप हवा होता. मुलीनं मनासारखं लग्न केलं म्हणून वीस वर्षं तिचं तोंड न बघितलेला बाप आता तिच्या दारात येतो आणि बोलतो. दीड पान बोलतो! सुलाबाईंनी तो कागद विमलाबाईंच्या घरी नेऊन दाखवला, वर विरजणही मागून आणलं.

महिनाभर पाठांतर चाललं. घरी एक शब्द इकडचा तिकडे होत नव्हता. शेवटच्या ओळीला तर सुलाबाईंची तव्यावरची भाकरी दोनदा करपली.

शूटिंग होतं निफाडजवळ, एका द्राक्षबागेतल्या घरात. निवृत्तींनी उतरल्याबरोबर लाइटवाल्यांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना जय भीम घातला, खांदे ताठ केले आणि दारात उभे राहिले. मुलीचं काम करणारी पायल उंबऱ्याच्या आत होती. सुलाबाईंना मागे खुर्ची मिळाली.

"सायलेन्स!" स्नेहलचा सहायक शेखर ओरडला आणि सगळं चिडीचूप झालं. बागेतला फवारणीचा ट्रॅक्टरसुद्धा बंद करायला लावला होता. पूर्वी आवाज मागाहून मुंबईत भरायचे, तेव्हा सेटवर बाजार भरलेला असला तरी चालायचं. आता आवाज जागेवरच घेतात.

"बाबा? तुम्ही? आता कशाला आलात?" पायल म्हणाली.

निवृत्तींनी तोंड उघडलं. "मी आत नाही येणार, पोरी. मला... मला..." आणि पुढे काहीच नाही.

दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच. पाचव्या खेपेला त्यांच्या कपाळावरून घामाची धार लागली. शेखर स्नेहलच्या कानाशी लागला, पण त्या शांततेत त्याचं बोलणं सुलाबाईंना स्वच्छ ऐकू आलं. "बाबा नुसते उभे राहू देत. डायलॉग काढून पायललाच बोलायला देऊ. उन्हं उतरायला लागली, मॅडम."

सुलाबाई खुर्चीतून उठल्या. म्हणजे परत मुकाटपणे उभंच राहायचं? परत तिरडीचा तिसरा माणूसच?

"पोरी, दहा मिनिटं दे मला," त्या स्नेहलला म्हणाल्या आणि नवऱ्याला धरून द्राक्षांच्या मांडवाच्या सावलीत घेऊन गेल्या. "हं, बोला बघू. बाबा, आता कशाला आलात?"

"मी आत नाही येणार, पोरी. मला..." निवृत्ती थांबले. "नाय गं सुला. डोक्यात पार पांढरं झालंय. सांग त्यांना, दुसरा माणूस बघा म्हणावं. म्हातारा झालो मी."

"काय म्हातारे झालात! काल रात्री घडाघडा बोलत होतात ते कोण होतं मग?" सुलाबाई भडकल्या. मांडीवर बागेतली धूळ बसली होती. ती त्यांनी रागारागानं दोन्ही हातांनी झटकली. थप, थप, थप.

"मला दारातच उभं राहू दे," निवृत्ती एकदम म्हणाले. "वीस वर्षं मी तुला असंच दाराबाहेर ठेवलं. उंबरा किती उंच असतो, ते आज इथं उभं राहिल्यावर कळलं..."

सुलाबाई धूळ झटकतच राहिल्या. धूळ केव्हाच संपली होती. निवृत्ती शेवटच्या ओळीपर्यंत गेले, एका दमात.

सुलाबाईंनी आधी आपल्या तळव्यांकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"कपाळ माझं!" सुलाबाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं भाकरीवर पाठ केलंत हो तुम्ही!"

"एकच वाक्य असायचं, कधी कळलंच नाय," निवृत्ती म्हणाले.

सुलाबाई तरातरा स्नेहलकडे गेल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. शेखरला हसू आवरेना. स्नेहल मात्र हसली नाही. "आजी, मला पटतंय. पण थापण्याचा आवाज माइकमध्ये येणार. तो नाही चालणार."

"आवाज कशाला पाहिजे? त्यांना माझे हात दिसले म्हणजे झालं."

द्राक्षांचं एक रिकामं क्रेट पालथं घालून सुलाबाई उंबऱ्याच्या आत, पायलच्या पायाशी बसल्या. कॅमेरा निवृत्तींच्या चेहऱ्यावर होता, त्यात त्या दिसत नव्हत्या. त्यांनी बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या, पदर खोचला.

"सायलेन्स!"

"बाबा? तुम्ही? आता कशाला आलात?"

सुलाबाईंचे हात हवेत हलू लागले. परात नाही, पीठ नाही, आवाज तर अजिबात नाही. एक हात थापत होता, दुसरा कडेनं फिरवत होता.

निवृत्तींची नजर पायलवरून खाली आली. "मी आत नाही येणार, पोरी," ते म्हणाले. "मला दारातच उभं राहू दे."

आणि मग माणूस बोलत गेला. आवाज कुठे चढवायचा, कुठे गिळायचा, सगळं जसंच्या तसं आलं. नजर खाली होती, ती लाजेनं खाली गेलेल्या बापाचीच वाटत होती. पायलला रडायची खूण अजून पुढे होती, पण ती आधीच रडायला लागली. शेखरचं हसू केव्हाच गेलं होतं. सुलाबाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण पुसायला हात मोकळे कुठे होते? एकशे अकरा सिनेमांत दडलेला हा माणूस त्यांना पहिल्यापासून माहीत होता. आज तो सगळ्यांना दिसत होता.

शेवटची ओळ झाली. स्नेहलनं "कट" म्हटलं. तशी लाइटवाल्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, कुणीतरी शिट्टी मारली. एकलहऱ्याचा एकही माणूस तिथं नव्हता.

स्नेहल डोळे पुसत पुढे आली. "बाबा, याच्यापेक्षा चांगलं होणं नाही. पण सेफ्टीसाठी अजून एक टेक घ्यावा लागेल. जमेल ना?"

निवृत्तींनी घाबरून उंबऱ्याच्या आत बघितलं. सुलाबाई क्रेटवरून हललेल्यासुद्धा नव्हत्या. पदरानं नाक पुसून त्यांनी बांगड्या पुन्हा वर सारल्या.

"घे गं पोरी, दहा घे," त्या म्हणाल्या. "पीठ भरपूर हाय."