थंडी आली, कादंबरी न्या

"हिवाळा हा ऋतू परमेश्वराने कादंबरीसाठीच निर्माण केला आहे," असं रावजी गुरुजींनी वाडीच्या वाचनालयात जाहीर केलं आणि रुमालाने मानेवरचा घाम पुसला. डिसेंबर अर्धा सरला होता. लांज्याच्या आसपास बर्फ सोडाच, बाटलीतलं खोबरेल तेलसुद्धा गोठलं नव्हतं.

ऐकायला एकट्या मालनताई, वाचनालयाच्या अध्यक्ष. त्यांचा डोळा गुरुजींच्या लाडक्या कपाटावर होता. 'थंडीतल्या उबदार कादंबऱ्या' अशी चिठ्ठी लावून गुरुजींनी त्यात तीसेक पुस्तकं रचली होती. भांडणं जेवणाआधी मिटणारी, लग्नं जमणारी, आणि मेलंच तर फार लांबचं कुणीतरी. चार वर्षांत त्यातलं एक पान हललं नव्हतं.

"संक्रांतीपर्यंत एका माणसाने यातलं एक पुस्तक पुरं वाचून दाखवू दे," मालनताई म्हणाल्या. "नायतर कपाट बाहेर, कॅरम आत."

त्याच संध्याकाळी गुरुजींनी वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: 'थंडी आली! त्वरा करा. वाचनालयात भेटा.'

सकाळी दारात ही गर्दी! सगळे आंबेवाले. सर्वांत पुढे लवू, पाठीला फवारणीचा पंप.

"गुरुजी, किती डिग्री?"

"कसली डिग्री?"

"थंडी आली लिहिलात ना! साठ कलमं मोहोरासाठी खोळंबलीत माझी. कुठवर आलीय? देवरुखपर्यंत तरी?"

गुरुजींच्या डोक्यात प्रकाश पडला. खरं सांगावं तर गर्दी घरी जाणार आणि पाठोपाठ कपाटही. बत्तीस वर्षं वर्गात काढलेल्या माणसाचा चेहरा अशा वेळी हलत नाही.

"निघालीय," ते म्हणाले. "पण मोहोर फुटेपर्यंत बागेत येरझारा घालू नयेत. कलम बुजतं. घरी बसून वाचावं."

"कलम बुजतं?"

"शाळेत परीक्षेला मी तुझ्या डोक्याशी येऊन उभा राहिलो की तुला काय व्हायचं?"

बाकीचे हसत पांगले. लवूला मात्र ते पटलं, कारण त्याला सगळं आठवलं. थंडी उशिरा येईलसं वाटून त्याने त्यातल्या त्यात जाड कादंबरी उचलली.

जानेवारीत खरोखरच थंडी पडली. मोहोर फुटला, लवू दिवसभर बागेत. वाचतोस का, हे विचारायचा गुरुजींना धीर होईना. रस्त्यात दिसला की ते लांबूनच हात करत.

संक्रांतीला वाचनालयात तिळगूळ वाटून झाला आणि मालनताईंनी सरळ विचारलं, "लवू, वाचलंस?"

लवूने पिशवीतून कादंबरी काढली. "वाचतोय तर! बायकोपण वाचते, भांडून. दोनच पानं उरलीत. त्यातल्या सुनेने सासऱ्यांना माफ केलान की नाय, ते कुणी सांगायचं नाय हां!"

"पुरं म्हणजे पुरं," मालनताई बधल्या नाहीत. "कार्यक्रम संपेपर्यंत वेळ देते."

गुरुजींना तेवढंही पुरलं. दोन पानं ती काय! ते उठले, चष्मा चढवला, खिशातून भाषणाचे चार कागद काढले आणि गहिवरून वाचू लागले, "मित्रहो, साहित्याची ऊब अखेर माणसाच्या—"

पहिल्या रांगेतून लवूचा हात वर आला.

"गुरुजी, तेवढा चष्मा देता काय? माझा बागेत राहिला."