रेडिएटरमधली हळद

पाणी ते पाणी, असं जो म्हणतो त्याच्या हाती मोटार देऊ नये. मी तर तांब्याही देणार नाही. माझी उतारू नेणारी सर्व्हिस मोटार एकोणतीस सालची, आणि ही गोष्ट चव्वेचाळीसची. लढाई चालू होती. नवं रेडिएटर कुठं मागायला जावं तर दुकानदार तोंडावर हसायचा. वाटेतल्या विहिरी खाऱ्या. ते पाणी चार महिने ओतलं की रेडिएटरच्या नळ्यांत पांढरा थर बसतो, नळ्या बुजतात आणि इंजिन तापून मरतं. म्हणून काष्टीहून नगरला निघताना मी नदीचं पाणी जुन्या धोतरातून गाळून दोन डबे भरून घ्यायचो. "दाऊदभाई मोटारीला जावयासारखं जपत्यात," असं उतारू म्हणायचे. हसोत बापडे. गाडी बंद पडली असती तर ढकलायला त्यांनाच उतरावं लागलं असतं.

त्या दिवशी चांगुणा सगळ्यांत शेवटी चढली. डावा हात कोपराखाली वाकडा लोंबत होता, ओठ फाटला होता. तिच्या नवऱ्यानं, आसारामनं, सकाळी नांगराच्या रुमण्यानं हात मोडला होता. का, तर भाकरी करपली. हाडाला लेप लावायला तिनं हळदीची पुरचुंडी कमरेला खोचली होती. नगरला तिचा भाऊ कानिफनाथ हमाली करायचा, त्याच्याकडे ती निघाली होती.

"आज पोचले तर जगंन," ती मला म्हणाली. "माघारी नेलं तर कुऱ्हाडच हाय."

मी तिला माझ्या शेजारी बसवली.

कोळगाव मागं पडलं आणि एका वळणावर आसाराम उभा. आडवाटेनं घोडी दामटून तो आमच्या पुढं आला होता. त्याच्या हातात कुऱ्हाड होती. मी ब्रेक लावला नाही. तिची कीव आली म्हणून, असं सांगायला मला आवडलं असतं, पण खरं म्हणजे मी घाबरलो होतो. घोडी बिथरून बाजूला झाली. तेवढ्यात त्यानं घातलेला घाव रेडिएटरवर बसला आणि घोडी त्याला घेऊन रानात उधळली.

दोन मैलांवर समोर वाफच वाफ. थांबणं भागच होतं. उतारूंपैकी एक शहाणा लगेच डबा घेऊन धावला.

"ठिव तो खाली!" मी ओरडलो. "तापल्या इंजिनात गार पानी घातलं तर लोखंड तडकतं. आनि झाकनाला कुनी हात लावू नका. आतलं पानी उसळून तोंडाचं कातडं काढतंय."

बाकीच्यांनी ऐकलं न ऐकलं. चांगुणा मात्र टक लावून ऐकत होती.

इंजिन निवल्यावर पाहिलं, तर दोन नळ्या चिरल्या होत्या. अशा बारीक चिरेला आम्हा ड्रायव्हर लोकांचा एकच इलाज. पाण्यात मूठभर हळद टाकायची. ती फुगून फटीत जाऊन बसते.

"कुनाकडं हळद हाय का?" मी विचारलं.

बाजाराच्या पाट्या घेऊन बसलेली आक्काबाई दुसरीकडं बघू लागली. चांगुणानं एका हातानं पुरचुंडी सोडून माझ्यापुढं धरली.

"मग तुमच्या हाताला काय लावायचं?"

"आदी गाडीचं बघा, दाऊदभाई."

सगळी हळद आणि पहिला डबा आत गेला. गळती थेंबावर आली. गाडी निघाली, पण हळदीनं बुजलेल्या नळ्यांतून पाणी खेळत नव्हतं. चढ संपेस्तोवर रेडिएटर पुन्हा खदखदू लागलं. एका बाभळीपाशी मी गाडी उभी केली. आता पुन्हा अर्धा तास निवणं, मग दुसरा डबा, मग नगर. दुसरा काही हिशेब नव्हता. तेवढ्यात मागं धुरळा दिसला.

आसाराम घोडीवरून उतरला तो थेट तिच्याकडं. "मागनं भाऊ येत्यात माजं," तो मला म्हणाला. "तू मधी पडू नगंस."

चांगुणा सोडून गाडीत अकरा उतारू होते. अकराही जण उतरून बाभळीखाली जाऊन उभे राहिले. "नवरा-बायकूचं हाय, आपुन कशाला मधी?" आक्काबाई म्हणाली.

त्यानं तिला केसांना धरून खाली ओढली. मोडका हात जमिनीवर आपटला तेव्हा ती जी किंचाळली, ती ऐकून मी मधे पडलो. त्यानं कुऱ्हाडीचा दांडा माझ्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला. मी मातीत पडलो. मग त्यानं तिच्या पोटात लाथ घातली, तिचं डोकं मडगार्डवर आपटलं, एकदा, दोनदा, तीनदा. तिच्या कपाळातलं रक्त माझ्या गाडीच्या दिव्यावरून ओघळत होतं. मला अतोनात चीड आली होती आणि उठता येत नव्हतं.

शेवटी त्यानं तिला रेडिएटरला टेकवून बसवली, एका हातात केस धरले आणि तिच्यावर वाकून कुऱ्हाड उगारली. तिचा उजवा हात डोक्यावरून मागं गेला. मला वाटलं, ती घाव अडवतेय. तो हात रेडिएटरच्या माथ्यावरचं झाकण शोधत होता.

"बाई, नगं!" मी ओरडलो. इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय.

तिनं मान खाली घातली आणि झाकण फिरवलं.

उकळतं पिवळं पाणी उसळलं ते आसारामच्या तोंडावर. कुऱ्हाड गळून पडली. दोन्ही हातांनी तोंड झाकून तो गडबडा लोळू लागला. "पानी! पानी वता!"

आता बाभळीखालच्या लोकांना कंठ फुटला. "मरंल तो! डबा हाय की त्यो!" म्हणत आक्काबाईनं माझ्या दुसऱ्या डब्याला हात घातला. मी कसाबसा उठलो आणि डबा धरला. खरं सांगतो, माझं मन डळमळलं. समोर माणूस जळत होता. पण त्या डब्याशिवाय गाडी हलणार नव्हती, आणि त्याचे भाऊ वाटेत होते.

मी चांगुणाकडं पाहिलं. ती आसारामच्या पिवळ्या तोंडाकडं बघत उभी होती.

"लग्नात ह्येची उष्टी हळद मला लावली हुती," ती म्हणाली. "आज माजी ह्येला लागली."

मी डबा सोडला नाही. "त्या तिथं विहीर हाय," मी लोकांना म्हणालो. "वढा पानी."

"दाऊदभाई, ती खारी हाय की!"

"गाडीला चालत न्हाई. मानसाला चालतं."

मघाशी ज्यांना पाय नव्हते ते अकराही जण धावले. सोललेल्या कातड्यावर त्यांनी खाऱ्या पाण्याच्या बादल्या ओतल्या. आसाराम तेव्हा जो ओरडला तसं माणसाला ओरडताना मी पुन्हा ऐकलं नाही. मला वाईट वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

तो अर्धा तास फार मोठा होता. सगळे रस्त्याकडं बघत होते. इंजिनावर हात ठेवता येऊ लागला तसा मी नदीचा डबा आत ओतला आणि चांगुणाकडं झाकण मागितलं. तिची मूठ उघडेना. तापलं पितळ तळव्यात रुतून बसलं होतं. मी रेडिएटरच्या तोंडात गोणपाटाचा बोळा कोंबला आणि एका हातानं गाडी नगरला आणली. आसाराम मागं बाभळीखालीच राहिला.

दवाखान्यात कानिफनाथ धावत आला. नर्सबाईनं चांगुणाचं एकेक बोट सोडवलं, तेव्हा झाकणाबरोबर कातडंही आलं. बाईंनी झाकण धुऊन माझ्यापुढं केलं. वस्तू माझी होती, आणि लढाईच्या दिवसांत तसं झाकण मिळणं मुश्कील. मी हात पुढं केला.

"दाऊदभाई," खाटेवरून चांगुणा म्हणाली, "ते माज्यापाशी ऱ्हाऊ द्या. त्यो डोळ्यानं अधू झाला आसंल, पायानं न्हाई."

मी झाकण तिच्या उशाशी ठेवलं. पुढं दोन वर्षं माझ्या मोटारीच्या तोंडाला लाकडाचं बूच होतं.