जैसेथे मॅडम

अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात जाम गावच्या शाळेच्या मैदानावर एनसीसीचं शिबिर लागलं आणि तिसऱ्याच दिवशी पोरांनी मुलींच्या तुकडीच्या कमांडरला, पौर्णिमाला, नाव पाडलं: जैसेथे मॅडम.

पोरांचा तरी काय दोष! कवायतीत कमांडरच्या तोंडून चुकीचा हुकूम गेला, तर तो परत घ्यायला ‘जैसे थे’ म्हणायचं असतं. बाकीचे कमांडर अशा वेळी मूग गिळून गप्प बसायचे, नाहीतर उलट रांगेवरच खेकसायचे. अल्लीपूरची ही पोरगी मात्र साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असं ‘जैसे थे’ ओरडायची आणि वर मुलींना सांगायची, “माहं चुकलं, तुमचं नाई.”

“तुले काऊन दवंडी पिटा लागते?” रांगेतली आचल चिडायची. “चूप राह्यली तर कोणाले समजते?”

“तुमाले समजते ना. मंग माह्यावर भरोसा कोण ठेवीन?”

शेवटी कवायतीची स्पर्धा होती. जो कमांडर जिंकेल, तो समारोपाला साऱ्या शिबिराची परेड चालवणार. आजवर हा मान मुलांनीच पटकावला होता. पौर्णिमाला तो हवा होता, अगदी जिवापाड हवा होता. उगाच साधेपणाचा आव कशाला आणा? तिची आई सुलोचनाबाई समारोप बघायला येणार होती.

आधी योगेंद्रची तुकडी उतरली. हिंगणघाटच्या कापडवाल्यांचा हा मुलगा उंचापुरा, आवाजानं खणखणीत. पण ऐन वेळी ‘दाहिने मूड’च्या जागी ‘बाएं मूड’ म्हणून बसला. अर्ध्या पोरांनी हुकूम पाळला, अर्ध्यांनी त्याच्या मनातलं ओळखलं, आणि नाकाला नाक भिडलं. योगेंद्रनं रांगेवरच डोळे वटारले.

मग पौर्णिमा. सगळं झकास चाललं होतं. पण दुसऱ्याची चूक डोक्यात बसली की तीच नेमकी जिभेवर येते. तीही बोलून गेली, “बाएं मूड!”

उजवीकडे वळायचं, हे प्रत्येकीला पाठ होतं. तरी सगळी रांग एका झटक्यात डावीकडे वळली. एकही टाच वेगळी वाजली नाही. पुढे बाभळीचं कुंपण होतं. ‘तेज चल’ म्हटलं असतं तर त्या काट्यांतही शिरल्या असत्या.

पौर्णिमाला चूक कळली. ‘पीछे मूड’ म्हणून गुपचूप सावरता आलं असतं. मान हातचा गेला, असं वाटून तिला रडू येऊ लागलं. तरी तिनं छाती भरून आरोळी ठोकली, “जैसे थे!”

मुलं फिदीफिदी हसली. तिनं बरोबर हुकूम देऊन कवायत पुरी केली.

परीक्षक कर्नलसाहेब उठले आणि थेट आचलसमोर येऊन उभे राहिले. “मालूम था, गलत है?”

“हो सर.”

“फिर मुडी क्यों?”

“आमची सीनियर चुकली तर सोताच सांगते, सर. मंग आमी काऊन डोकं चालवाचं?”

कर्नलसाहेब मोठ्यानं हसले. “कल की परेड यही लडकी चलाएगी.”

दुसऱ्या दिवशी पौर्णिमानं ‘सावधान’ म्हटलं आणि मैदानभरच्या टाचा एकदम वाजल्या. त्यांत योगेंद्रचीही होती. मंडपात कोणीतरी विचारलं, “कोणाची पोरगी होय?”

“माही!” सुलोचनाबाई ओरडल्याच. लेकीनं आवाज कुठून घेतला, ते साऱ्या मंडपाला कळलं.