एस्तेबेसची उलटी दुवा

एस्तेबेसची बायको आयिमकान गेली तेव्हा तिच्या चाळिसाव्या दिवशी घरची एकुलती एक गाय कापली. रीतच तशी होती. माणूस गेलं की गावाला जेवू घालायचं, आणि एस्तेबेसने हात आखडता घेतला असता तर गल्लीला वर्षभर चघळायला विषय मिळाला असता. गोठा रिकामा झाला. उरले ते परसातले भाजीचे वाफे, जर्दाळूच्या झाडांखाली ठेवलेल्या मधमाश्यांच्या पेट्या, आणि त्यांच्यात वावरणारा म्हातारा.

पेट्या आयिमकानच्या. लग्नात माहेराहून तिने बाकी काय आणलं ते आता कुणाला आठवत नाही, पण घोंगडीत गुंडाळलेलं एक पोळं आणलं होतं, आणि आजच्या राणीमाश्या त्याच वंशातल्या. एस्तेबेस उभ्या जन्मात माश्यांना भीत आला. ती चौकटी उचलायची, हा लांबून धूर द्यायचा, आणि एखादी माशी टोपीवर बसली की ओरडायचा. त्यावरून तिने त्याची आयुष्यभर थट्टा केली. आता मात्र तो उघड्या हातांनी पेट्या उघडत होता. तिच्या हातचं जिवंत असं एवढंच राहिलं होतं. या माश्या मरू द्यायच्या नाहीत, इतकंच त्याने मनाशी धरलं होतं. म्हातारपणाकडून दुसरी काही मागणी नव्हती.

वसंतात त्याने सगळं तिच्यासारखंच केलं. जर्दाळूची छाटण खड्ड्यात पेटवली, ज्वाळा बसत आल्यावर पाणी ओतून विझवली, कोळसा ठेचून बारीक केला. असा कोरा कोळसा वाफ्यात घालून चालत नाही. तो उपाशी असतो, मातीतला कस आधी स्वतःच ओढून घेतो आणि काकडीची रोपं पिवळी पडतात. त्याला अगोदर डोणीत शेणपाणी पाजावं लागतं. पाजून झालं की मग तो वाफ्यात वर्षानुवर्षं ओल धरून बसतो. आयिमकान हे इतक्यांदा सांगायची की एस्तेबेस वैतागून म्हणायचा, "बाई, मी काही बहिरा नाही." आता सांगायला ती नव्हती आणि शेण द्यायला गायही नव्हती.

शेजारी बुरुलचा राहायची. नवरा लवकर गेलेला, एक मुलगी, थोड्या मेंढ्या आणि बटाट्याचा तुकडा. आयिमकान गेल्यापासून रोज सकाळी कुंपणावरून गरम नान एस्तेबेसच्या हातात यायचा. वर टोमणाही असायचा. "आबा, आज तरी दाढी करा, कोकरं घाबरतात तुम्हाला!" तिच्या मुलीचं, अकमारलचं, याच वर्षी जमलं होतं. मुलाकडच्यांनी येऊन तिच्या कानांत चांदीची कर्णफुलं घातली होती, म्हणजे पोरगी त्यांची झाली. त्या दिवशी दुवा एस्तेबेसनेच दिली. गल्लीत लग्न असो, प्रवास असो, नवं घर असो, थोरला म्हणून दुवा त्याचीच असे आणि लोकांचा तिच्यावर भरवसा होता.

उन्हाळी कुरणांवर जायच्या आधी मेंढ्यांना गोचिडाच्या औषधाच्या हौदातून काढतात. ओल्या, निथळत्या मेंढ्या कुठे उभ्या करायच्या हा बुरुलचापुढे प्रश्न होता. एस्तेबेस म्हणाला, "माझा गोठा ओस पडलाय. आण इकडे." दुसऱ्या दिवशी ती बादली आणि खराटा घेऊन हजर.

"आबा, फरशी धुऊन देते. औषध ओघळलंय सगळीकडे."

"राहू दे. लेंड्या हव्यात मला. कोळसा केव्हाचा ताटकळलाय."

"अहो, वास तरी बघा. डोळ्यांतून पाणी येतंय."

"माझं नाक म्हातारं झालंय, त्याला काही होत नाही. तू जा, तुझा चहा उतू जाईल."

ती हसत गेली. त्याने लेंड्या झाडल्या, फरशीवरचं पाणीसुद्धा वाया जायला नको म्हणून खराट्याने ओढलं आणि सगळं डोणीत कोळशावर ओतलं. काटकसरी माणूस. उन्हं चढली तशा माश्या डोणीवर यायला लागल्या. झऱ्याचं स्वच्छ पाणी सोडून यांना असलं खारट, कुबट पाणी आवडतं. काळ्या ओल्या खड्यांवर बसून त्या पाणी शोषत होत्या, आणि एस्तेबेस पालथ्या बादलीवर बसून बघत होता. "बघ, आयिमकान," तो मोठ्याने म्हणाला, "तुझ्या पोरी मला घाबरत नाहीत आता." कित्येक महिन्यांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं.

त्यानंतर पेट्यांपुढे मेलेल्या माश्या दिसायला लागल्या. आधी थोड्या, मग सडाच. काही जिवंत होत्या, पण पाठीवर पडून भिरभिरत होत्या, जिभा बाहेर आलेल्या. एस्तेबेस गुडघ्यांवर बसून त्या ओंजळीत गोळा करत होता. मान वर केली तर कुंपणापलीकडे बुरुलचाचा फवारणीचा पंप भिंतीला टेकून वाळत होता. बटाट्यावर किडा पडला होता.

फवारायचं तर माश्या पाळणाऱ्याला आधी सांगायचं आणि दिवस बुडाल्यावरच फवारायचं, असा गल्लीचा रिवाज. तो तसाच तिच्या दारात गेला.

"मारल्यास माझ्या माश्या!"

"आबा, सूर्य गेल्यावर फवारलं मी. तुम्हाला सांगून फवारलं. तुम्ही वाफ्यात होतात, हं म्हणालात."

"हं म्हणालो! म्हाताऱ्याने हं म्हटलं की झालं का? बटाटे महत्त्वाचे तुला!"

"खरंच सांगते, अंधारातच फवारलं हो. आयिमकानआजीची शपथ."

तिचं नाव घ्यायला नको होतं. एस्तेबेसच्या डोक्यात जी तिडीक गेली ती उतरलीच नाही.

कळप निघायच्या आदल्या दिवशी गल्लीचं जेवण होतं. झाडांखाली लोकरीचे नमदे अंथरलेले, तळलेल्या बोर्सोकांच्या राशी, अकमारल सगळ्यांना चहा ओतत फिरतेय. जेवणं झाली आणि कुणीतरी म्हणालं, "आबा, वाटेसाठी दुवा द्या." सगळ्यांनी ओंजळी पुढे धरल्या. एस्तेबेसनेही हात वर केले, समोर बसलेल्या बुरुलचाकडे पाहिलं आणि तळवे पालथे केले.

"बुरुलचा, तुझी चूल विझो. तुझ्या दाराशी आलेलं चांगलं दारातूनच परत जावो."

दुवेनंतर सगळ्यांनी ओमीन म्हणून हात खाली घ्यायचे असतात; या दुवेला ओमीन कोण म्हणणार? एका बाईने घाईघाईने आपल्या पोराचे हात खाली ओढले. उलटी दुवा असते हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण दिलेली कुणी डोळ्यांनी पाहिली नव्हती. बुरुलचा उठली नाही, रडलीही नाही. पुढ्यातला नमदा सारखा करत राहिली. एस्तेबेस घरी आला तेव्हा त्याला वाटलं होतं की मन हलकं होईल. तसं काही झालं नाही.

कळप गेले, त्यांच्याबरोबर बुरुलचा आणि अकमारलही. गल्ली निम्मी रिकामी झाली आणि कुंपणावर नान येईनासा झाला. बटाट्याला हात लावणारं आता कुणी नव्हतं. किड्यांनी पानांची चाळण केली. आणि तरीही माश्या मरतच राहिल्या. एकामागून एक पेट्या गप्प झाल्या. शेवटच्या पेटीत मूठभर माश्या राणीभोवती चिकटून होत्या. पेटीला कान लावून तो विचारायचा, "आता कोण मारतंय गं तुम्हाला?"

मग एका सकाळी त्याने एका माशीवर नजर ठेवली. ती पेटीतून निघाली, थेट डोणीवर गेली, काळ्या खड्यावर बसली, पाणी प्यायली, उडाली आणि टोमॅटोच्या पानावर आदळली. तिथे ती गरगर फिरली आणि जीभ बाहेर काढून पडली. एस्तेबेस डोणीवर वाकला. शेणपाण्याच्या वासाखालून दुसरा एक वास आला, उग्र, डोळ्यांत जाणारा. निथळणाऱ्या मेंढ्यांचा. त्याच्या कानात बुरुलचाचा आवाज जसाच्या तसा उमटला, फरशी धुऊन देते म्हणणारा. बादली घेऊन आलेल्या बाईला त्याने परत पाठवलं होतं. विष झाडून, ओढून, थेंब वाया न घालवता त्यानेच भरलं होतं, आणि माश्या ते पिताना कौतुकाने बघत बसला होता. तो डोणीच्या काठाला धरून हमसून हमसून रडला. दुपारी त्याने लांब उकिरड्यापलीकडे खड्डा खणून तो कोळसा पुरला. शेवटची पेटीही संध्याकाळी थंड झाली.

दूध आणायला वर जाणाऱ्या ट्रकमधून तो कुरणावर गेला. बुरुलचा घोडीचं दूध काढत होती. त्याला पाहून ती उभी राहिली, सवयीने म्हणाली, "या आबा." अकमारल कुमिसची, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, कातडी पिशवी घुसळत होती. तिचे कान उघडे होते.

"कर्णफुलं?" एस्तेबेसने विचारलं.

"परत मागितली त्यांनी," बुरुलचा म्हणाली. "भांडण नाही, तंटा नाही. मुलाचे वडील, ओस्मोनकुल आबा, स्वतः आले होते. म्हणाले, एस्तेबेसने पालथे हात ज्या घरावर धरले त्या घरची मुलगी आम्हाला नको. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं."

"चूक माझी होती, पोरी. माश्या मी मारल्या. माझ्या हाताने."

त्याने सगळं सांगितलं. ती ऐकत होती, आणि लेंड्यांचं आलं तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. "म्हणाले होते मी, धुऊन देते," ती पुटपुटली. एखादी दुसरी असती तर तिने त्याला अंगावर कुत्री सोडून हाकललं असतं, आणि ते योग्यच झालं असतं.

ओस्मोनकुलचा तंबू नाल्यापलीकडे होता. एस्तेबेस दोघी मायलेकींना घेऊन तिथे गेला. त्या दोघी दाराशी बसल्या. भरल्या तंबूत त्याने टोपी काढली आणि घडलेलं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. काही लपवलं नाही. "दुवा मागे घेतो," तो म्हणाला. "ही बाई निर्दोष आहे. पोरीचे कान पुन्हा सजवा. मी इथेच, तुमच्यासमोर सुलटी दुवा देतो."

ओस्मोनकुल वाईट माणूस नव्हता. त्याने एस्तेबेससमोर कुमिसचा वाडगा सरकवला आणि दाढी कुरवाळली.

"तू खरं बोललास, तुझं मन मोठं," तो म्हणाला. "पण मला एक सांग. ती दुवा तू न बघता, न विचारता दिलीस. मग आजची तू काय बघून देणार? आम्ही तुझ्या हातांवर विश्वास ठेवायचो, एस्तेबेस. त्या दिवशी ठेवला म्हणून तर पोरगी नाकारली. आज ते हात चुकतात असं तूच सांगतोयस. मग आता त्यांच्या भरवशावर मी सून आणू?"

एस्तेबेसने तरीही हात वर केले. तळवे आकाशाकडे. "अकमारलचं भलं होवो," तो म्हणाला, "तिची चूल पेटती राहो, तिच्या दारी..." आणि त्याचं समोर लक्ष गेलं. तंबूतल्या माणसांनी माना खाली घातल्या होत्या. कुणी ओंजळ पुढे धरली नाही. अकमारल उठून बाहेर निघून गेली.

हात तसेच हवेत राहिले. खाली आणावेत तर दुवा अर्धी राहते, धरून ठेवावेत तर तिला घेणारं कुणी नाही. एस्तेबेसने डोळे मिटले. दाराशी हालचाल झाली, आणि त्याने पाहिलं तर बुरुलचाने दुधाने चिकट झालेले आपले हात ओढणीला पुसले होते आणि ओंजळ करून पुढे धरली होती. तिच्या चेहऱ्यावर माफी नव्हती.

"ओमीन म्हणा, आबा," ती म्हणाली. "किती वेळ धरून बसणार?"