तिसरा मजला, चौथा मजला आणि मधली गिटार

माणूस मनाने मुक्त असला की जगातली कुठलीही भिंत त्याला अडवू शकत नाही, असं मिस्त्रींनी अत्यंत गंभीरपणे जाहीर केलं. त्या वेळी त्यांच्या पाठीला एक भिंत होती, डाव्या खांद्याला दुसरी, उजव्या बरगडीत मेहुण्याचं कोपर होतं आणि लिफ्ट चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध बंद पडली होती.

“भाऊजी, तत्त्वज्ञान नंतर,” मेहुणा म्हणाला. “आधी ही खाली न्या.”

मिस्त्री लिफ्टचेच मिस्त्री. अडकलेल्या माणसांना बाहेर काढण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. आत राहून बघायचा योग आजवर आला नव्हता, तो सुट्टीच्या दिवशी सकाळी साडेअकराला आला. योग आणला त्यांनी छातीशी धरलेल्या वस्तूने. ती होती नवीकोरी पांढरी इलेक्ट्रिक गिटार, पण गिटारीला असते तशी कंबर हिला नव्हती. एखाद्या सरळमार्गी चौकोनाला दोन विरुद्ध कोपऱ्यांना धरून कुणी रागारागाने ओढावं, तसा तिचा आकार होता.

हा आकार मिस्त्रींच्या डोक्यात अठराव्या वर्षी शिरला. तेव्हा त्यांनी प्लायवूडची तसलीच एक गिटार कापली होती. तारा नव्हत्या, आवाज नव्हता. आरशासमोर उभं राहायला तेवढी पुरेशी होती. वडिलांना मात्र नेमकं त्याच आठवड्यात पाण्याच्या पिंपाला झाकण हवं होतं. कोपरे बाहेर येत होते म्हणून त्यांनी ते करवतीने उडवले. “आता कशी कामाची झाली,” ते म्हणाले. झाकण पुढे बारा वर्षं टिकलं. मिस्त्री तेवढा वेळ त्याखालचं पाणी प्यायले.

त्यानंतर लग्न, मुलगी, तिचं शिक्षण, तिचं लग्न. आता घरात एक खोली रिकामी झाली होती आणि बायकोने गिटारीला परवानगी दिली होती. अट एकच: खरेदीला आपल्या भावाला बरोबर न्यायचं. भाऊ विमा कंपनीत दावे तपासायचा. जळलेलं गोदाम बघून ‘आग पुरेशी लागलेली दिसत नाही’ असा शेरा मारणारा माणूस.

दुकान पाचव्या मजल्यावर होतं. दुकानदाराचे केस पाठीपर्यंत होते आणि जे डोक्यावर असायला हवेत तेही तिकडेच गेले होते. त्याने आधी दोन गोलसर गिटारी काढल्या. मेहुण्याने दोन्ही पसंत केल्या. मांडीवर बसतात, कपाटात मावतात, उद्या विकायच्या म्हटलं तर गिऱ्हाईक मिळतं.

“ती कोपऱ्यातली?” मिस्त्रींनी विचारलं.

“ती बसून वाजवता येत नाही, काका. घसरते. उभं राहून वाजवली तर डोक्याकडून झुकते.”

“म्हणून एवढी स्वस्त?” मिस्त्रींनी चिठ्ठीवरची किंमत वाचून विचारलं.

“हा आकार घ्यायची हिंमत असते त्या वयात खिसा रिकामा असतो. पुढे खिसा भरतो, पण पाठ धरते. म्हणून पडून आहे.”

मिस्त्रींनी लिफ्ट तपासावी तशी ती तपासली. मागे टकटक केलं, कान पिळून पाहिले, वायरीच्या भोकात बोट घातलं, मान एका डोळ्याने न्याहाळली. मग पट्टा गळ्यात घालून उभे राहिले आणि एकच तार छेडली. दुकानदाराने आवाज वाढवून ठेवला होता. मेहुण्याच्या हातातला चहा सांडला.

“हीच,” मिस्त्री म्हणाले.

मेहुण्याने दुकानदाराकडून एक सवलत मात्र उकळलीच: आजच्या दिवसात, ओरखडा नसेल तर, बदलून मिळेल. लिफ्टचं दार ओढतानाही तो तेच बोलत होता. चौथा मजला मागे पडल्यावर बोलता बोलता तो वळला, मिस्त्री सरकले, गिटारीचं खालचं टोक दाराच्या जाळीतून बाहेर गेलं आणि समोरच्या तुळईवर अडकलं. दार अर्धा इंच हललं. जुन्या लिफ्टला अर्धा इंच पुरतो. ती थांबली.

मिस्त्रींनी सवयीने घंटा दाबली. क्षणभराने त्यांच्याच खिशातला मोबाइल वाजला. या रस्त्यावरच्या सगळ्या लिफ्टमध्ये आणीबाणीसाठी त्यांचाच नंबर होता. त्यांनी तोही सवयीने उचलला.

“घाबरू नका. दहा मिनिटांत पोचतो,” ते म्हणाले.

मेहुणा त्यांच्याकडे बघत राहिला. “दहा मिनिटं धरायची कधीपासून?”

मिस्त्रींनी परिस्थितीची पाहणी केली. टोक काढायचं तर गिटार तिरकी फिरवायला हवी. फिरवायला गेलं की मान मागच्या भिंतीला लागते. बळजबरी केली तर टोक तुटणार. दुसरा काही उपाय त्यांना त्या घडीला दिसेना.

“मग तोडा ना!” मेहुणा म्हणाला. “इंचभर लाकूड! उलट गोल होईल, बरी दिसेल.”

 मिस्त्रींच्या तोंडाला पिंपातल्या पाण्याची चव आली.

“तोडणार नाही.”

“अहो, मला श्वास घेता येत नाहीये!”

“या डब्याला हवेची बारा भोकं आहेत. मीच मोजलीत.”

मेहुण्याने फार वाद घातला नाही. दावा नाकारायचा तर वरिष्ठांची सही घ्यावी, हे तो शिकलेला होता. त्याने बहिणीला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. “ताई, यांनी ती तिरपागडी घेतली. नको म्हणत होतो. आता तिच्यापायी लिफ्टमध्ये लटकलोय आणि हे म्हणतात तोडणार नाही.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग आवाज आला, “दे त्यांना.”

“अगं, ते कानाशीच आहेत.”

आता मिस्त्रींच्या संसाराची एक रीत सांगायला हवी. एकतीस वर्षांत घरात ज्या ज्या वेळी आवाज चढला, त्या त्या वेळी कुठेतरी लिफ्ट बंद पडली होती. ‘माणसं अडकलीत’ म्हटलं की पत्नीलाही थांबवता येत नसे. मिस्त्री हत्यारांची पिशवी उचलत आणि सुटत. शहरात तेवढ्या लिफ्ट नव्हत्या, हे दोघांनाही ठाऊक होतं; पण हा विषय निघाला की तेवढ्यात आणखी एक बंद पडायची.

“अहो,” बायको म्हणाली, “आता कॉल आला म्हणून पळू नका.”

“आलाय,” मिस्त्री म्हणाले. “पण तो इथलाच आहे.”

पळायला जागा नसल्यामुळे ते बोलू लागले. बोलता बोलता त्यांची बोटं गिटारीच्या पाठीवरून फिरत होती आणि तिथे त्यांना चार स्क्रू लागले. महागाच्या गिटारीची मान चिकटवलेली असते, स्वस्तातली चार स्क्रूंवर उभी असते. मान सुटली तर धड फिरेल. त्यांनी मेहुण्याच्या किल्ल्यांना लटकणारं नेलकटर न विचारता ओढून घेतलं, त्याची कानस पहिल्या स्क्रूत रोवली आणि पिळायला सुरुवात केली.

“मला हीच पाहिजे. मांडीवर बसत नाही, माहितीये. कपाटात मावणार नाही, तेही माहितीये. मी उभा राहून वाजवीन. वाजवता येईलच असं नाही. पण हिचे कोपरे कुणी कापायचे नाहीत. तू सांगितलंस तरी नाही.”

पहिला स्क्रू निघाला. मेहुण्याने तो न सांगता हातात घेतला.

“आणि परतही करणार नाही. ओरखडा पडलाय, आता कुणी घेणारही नाही. तुला राग आला असेल तर आत्ताच बोल. मी कुठे जात नाहीये.”

दुसरा स्क्रू. मेहुणा मान हलवून फोनच्या दिशेने कुजबुजला, “ऐकलंस ना?”

 वरच्या मजल्यावर कुणीतरी लिफ्टचं बटण दाबत होतं, सोडत होतं, परत दाबत होतं. तिसरा स्क्रू घट्ट होता. मिस्त्रींच्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

“एवढं सगळं तुम्ही माझ्याशी सलग कधी बोलला होतात?” बायकोने विचारलं.

“आठवत नाही.”

“मलाही नाही.” पलीकडे कुकरची आणखी एक शिट्टी झाली. “ठेवा तीच. खोली तुमचीच आहे, उभे राहा नाहीतर आडवे व्हा.”

मिस्त्रींना एकदम हलकं वाटलं. “ताई, अगं पण—” असं मेहुण्याने म्हणेपर्यंत तिसरा स्क्रू त्याच्या तळहातावर पडला होता.

“तू गप रे. अहो, अजून किती वेळ लागेल?”

“एकच स्क्रू राहिलाय. पाच मिनिटं.”

“मधे दार उघडून तो कुठे जाऊ शकणार नाही ना?”

“कोण, हा? छे. मी सोडवल्याशिवाय नाही.”

“मग जरा दमाने घ्या,” ती म्हणाली, “आणि तेवढं विचारून ठेवा त्याला, दोन वर्षांपूर्वी नेलेली आपली शिडी कधी आणून देतोय.”