साखर किती टाकू?

नवऱ्याच्या सोनोग्राफीच्या कागदावर 'लिव्हर' हा शब्द वाचला आणि माझं डोकंच फिरलं. लिव्हर बिघडलं म्हणजे दारू, हे आमच्या अमडापुरात शेंबडं पोरही सांगेल. माझा बाप दारूनेच गेला. म्हणून लग्नाच्या वेळी मी मुलाचं घर पाहिलं नाही की कमाई पाहिली नाही. 'पीत नाही ना?' एवढंच विचारलं होतं.

चिखलीच्या दवाखान्याबाहेर मी नवऱ्याला धरलं. "कुठं पेता? कोनासंगं पेता?"

"चांगुणा, पंचशीलातलं पाचवं शील मोडलं नाही म्या कधी. थेंब नाही घेतला."

"मंग लिव्हर काय पानी पेऊन बिघडलं?"

माझा आवाज आतपर्यंत पोचला असावा. डॉक्टरीणबाईंनी दोघांना पुन्हा बोलावलं आणि मला समजेल असं सांगितलं. दारू न पिणाऱ्याचंही लिव्हर बिघडतं. फार गोड खाल्लं-प्यालं, की जास्तीच्या साखरेची लिव्हरमध्ये चरबी होते. लक्ष दिलं नाही तर पुढे शुगरचा आजार लागू शकतो, लिव्हरही निकामी होऊ शकतं. "पण वेळेत कळलंय. गोड तोडा, रोज चाला, वजन उतरवा. बहुतेक सुधारेल."

मी त्या बाईंच्या पायाच पडायला निघाले होते. नवरा आजारी आणि बायको हसतेय, असं लोकांना दिसलं असेल. दिसो बापडं. माझा माणूस पीत नव्हता, यापेक्षा मोठी गोष्ट मला त्या दिवशी दुसरी नव्हती.

साखर कुठून येते, ते शोधावं लागलं नाही. नवऱ्याला सगळे मिस्त्री म्हणतात, मीही; ते विहिरीतल्या मोटारी दुरुस्त करतात. शेतात पोचले की चहा, मोटार वर काढली की चहा, पाणी सुरू झालं की चहा. आणि आमच्याकडचा चहा म्हणजे नुसता पाक. उन्हाळ्यात वरून थंड बाटली असतेच.

"नाही म्हनत जा ना," मी बसमध्ये म्हणाले.

मिस्त्रींनी सोनोग्राफीच्या कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "ज्याच्या मोटारी मी पाहतो त्या महादेवरावच्या घरी, त्याच्या बापाच्या काळात, माह्या बाबाले अंगनात चहा भेटे. कप वेगळा, गोठ्यात ठेवलेला. पेऊन बाबानंच धुवा अन् परत ठेवा. मी त्याच घरात खुर्चीवर बसून पेतो. त्या चहाले नाही कसा म्हनू?"

उत्तर सुचलं ते घरी भाकरी थापताना.

"बाबाले कोनी इचारे का, साखर किती टाकू म्हनून?"

"नाही. जे ओतलं ते पेत."

"तुमाले इचारतात?"

"हाव."

"मंग सांगा ना! इचारतात तं सांगाले काऊन लाजता?"

आठवडाभरात महादेवरावांची मोटार जळली. यांच्यावर माझा भरवसा नव्हता, म्हणून डबा द्यायच्या निमित्ताने मीही मागोमाग गेले. काम झालं, मिस्त्री ओसरीवर खुर्चीत बसले. महादेवरावांच्या बायकोने, अंबूबाईंनी आतून विचारलं, "भाऊ, साखर किती टाकू?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. "टाकूच नका, वहिनी. लिव्हरले चरबी धरली."

महादेवराव ताडकन उठले. "कचरू, पेऊन राह्यला का बे?"

"साखर पेऊन राह्यले!" मी भडकले. "तुमच्याच घरची!"

अंबूबाई हसत बाहेर आल्या. "मंग आजपासून तुमचा फिका," म्हणाल्या आणि खरंच तसा करून आणला. मिस्त्रींनी तोंड वाकडं करत का होईना, सगळा संपवला. हळूहळू गावभर झालं, मिस्त्रीचा चहा फिका. कोणी रुसलं नाही. इतकी वर्षं आम्ही उगाच भीत होतो.

परवा पुन्हा सोनोग्राफी केली. चरबी बरीच उतरली होती. डॉक्टरीणबाईंचे, अंबूबाईंचे, ज्यांनी ज्यांनी वेगळं पातेलं चढवलं त्या सगळ्यांचे उपकार मानत मी दवाखान्याच्या पायऱ्या उतरले. मिस्त्री मात्र शेवटच्या पायरीवरच थांबले.

"आता काय झालं?"

"काही नाही वं," ते म्हणाले. "बाबाले चहात साखर किती लागे, हे मले बी ठाऊक नाही. म्या बी कधी इचारलंच नाही."